प्रश्न जसाच्या तसा वाचावा

अकरावं नाव वाचलं आणि हातातला कप कलला. थोडा चहा यादीवरच सांडला. परभणीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चौदा मास्तर पोरांच्या बाकांवर गुडघे अवघडून बसलो होतो. मे महिना, सुट्टी, वर पंखा नुसताच कुरकुरत होता, आणि पुण्याहून आलेल्या बाई ज्याला त्याला त्याच्या गावाची यादी वाटत होत्या. सरकार बदलून वर्ष झालं होतं आणि आता लोकांच्या मनात काय आहे ते दिल्लीतल्या कुठल्याशा संस्थेला हवं होतं. देश कसा चाललाय, दुसऱ्या जातीत मुलगी द्याल का, कोर्टावर विश्वास आहे का, आणीबाणीत तुमच्यावर काय गुजरलं. मतदार यादीतून ठराविक अंतर सोडून नावं उचलली होती. माझ्या वाट्याला चुडावा, नावं पंधरा. अकरावं, सूर्यभान ग्यानबा खिल्लारे, वय चौतीस. मी रुमालानं चहा टिपायला गेलो तर सायक्लोस्टाइलची शाई पसरली आणि ते नाव आणखीच मोठं दिसायला लागलं.

बाई नियम सांगत होत्या. नाव बदलायचं नाही. माणूस घरी नसेल तर परत जायचं, तीनदा जायचं. गाव सोडून गेला असेल तर तसं लिहायचं, मेला असेल तर तसं लिहायचं, पण शेजारच्या घरात शिरायचं नाही. प्रश्न जसाच्या तसा वाचावा, उत्तर जसंच्या तसं लिहावं, आपलं शहाणपण मध्ये घालू नये. मी यातलं एकच वाक्य ऐकलं, मेला असेल तर. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस, आणि मी परभणीच्या हॉलमध्ये बसून क्षणभर त्याच्या मरणाची आशा धरली. मग स्वतःला समजावलं की तसं काही नाही, तो मुंबईला कामाला गेला असेल, कुणी सांगावं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "यादीत कुणाच्या ओळखीचं, नात्यातलं नाव आहे का? असेल तर आत्ताच सांगा, तिथे दुसऱ्याला पाठवू." दोघा-तिघांनी हात वर केले. माझा हात मांडीवरून उचलला गेला नाही. दुसरा जाईल, सूर्यभानच्या दारात बसेल, आणीबाणीचा प्रश्न वाचील. त्याखाली बारीक अक्षरात उपप्रश्न होता, 'असल्यास कोणी?' आणि सूर्यभान माझं नाव सांगील. ते नाव कागदावर चढेल, कागद दिल्लीला जाईल. सरकार बदललं होतं, चौकशा चालल्या होत्या, कोण कुणाचा कागद कुठून काढील याचा भरवसा नव्हता. नाव चढायचंच असेल तर लेखणी माझ्या हातात असलेली बरी. यादीची घडी करून खिशात घातली तेव्हा चहाने ओली झालेली बाजू छातीला लागली आणि परभणीहून पूर्णेला पोहोचेपर्यंत तिथे काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

त्याच दुपारी तिसऱ्या प्रश्नावर बाई अडून बसल्या होत्या. "घरात लेकरं किती, असं विचारू नका. इकडे माणूस भावाची, बहिणीची, सगळी पोरं मोजतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असतो, पण आपला आकडा चुकतो. तुमची स्वतःची, पोटची मुलं किती, असंच विचारा." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. कारण दोन वर्षांपूर्वी, शहात्तरच्या उन्हाळ्यात, मी सूर्यभानला विचारलं होतं, "घरात लेकरं किती रे?" आणि तो हसत म्हणाला होता, "तीन हायती की गुरुजी, तुमच्याच शाळंत येत्यात." ती तीनही तेव्हाच्या माझ्या चुडाव्याच्या शाळेत यायची हे खरंच. थोरली दोन पोरं त्याच्या भावाची, सितारामची. सिताराम रेल्वेच्या गँगमध्ये, आज इथे तर उद्या तिथे, म्हणून पोरं चुडाव्यात काकाकडे. धाकटी सरजा तेवढी सूर्यभानची. सूर्यभाननं यात कधी भेद केला नाही. वही घ्यायची तर तीन, चपला घ्यायच्या तर तीन. तो खोटं बोलला नव्हता. पण मी हजेरीपटाचा मास्तर. पोरांच्या नावापुढे बापाचं नाव मी माझ्या हाताने लिहिलेलं होतं. मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी फॉर्मवर 'हयात अपत्ये' या ओळीपुढे मी लिहिलं, तीन.

का लिहिलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ झाल्यासारखं येतं. प्रत्येक मास्तराने नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या, एकाच लेकराचा बाप चालायचा नाही, आणि नाही आणल्या तर बदली, जिंतूरच्या डोंगराकडच्या शाळेत. आमच्या हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, वर पुन्हा मला बाजूला घेऊन सांगितलं, "दत्तराव, तुमचं वजन आहे तुमच्या लोकांत." माझे लोक. पाटलाच्या वाड्यात जाऊन नसबंदीचं बोलायची माझी छाती नव्हती. माझं वजन वस्तीतल्या विहारापुरतं. पौर्णिमेला वंदना मी सांगायचो, सूर्यभान सतरंजी अंथरायचा, कंदिलाची काच पुसायचा, आणि मी बोलायला लागलो की पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचा. ज्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नसता, त्यांच्याकडेच मी गेलो. एक आश्रुबा, सात लेकरांचा बाप. त्याची मला नंतर कधी आठवणसुद्धा आली नाही. दुसरा सूर्यभान. आणि त्याच्या आदल्या दिवशी गीता, माझी बायको, भाकरी थापता थापता म्हणाली होती, "दुसऱ्याच्या दारात कशाला जायलाव? आपल्याला दोन हायती. तुमीच करून घ्या की." मला सुरीची भीती वाटत होती, अजूनही वाटते. लोकांना मी समजावून सांगत होतो की मुंगी चावल्यासारखं होतं, आणि रात्री तेच माझ्यावर बेतेल या विचाराने मला घाम सुटत होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सूर्यभानला मी माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. दवाखान्याच्या आवारात मांडव होता, बाकावर माणसं बसली होती, एक कंपाउंडर नावं पुकारत होता. मी फॉर्म पुढे केला आणि म्हणालो, "इथं अंगठा लाव." त्यानं शाईत अंगठा बुडवला, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाचून दाखवलं असतं तर 'तीन' हा शब्द मोठ्यानं उच्चारावा लागला असता, म्हणून मी वाचलं नाही. अंगठा उठल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, फुडं पोरगं हुतंय ना?" नेमकं त्याच वेळी कंपाउंडरनं हाक मारली, खिल्लारे, आणि मी "चल चल" म्हणत त्याला दंडाला धरून उठवलं. हाक आली नसती तर मी काय सांगितलं असतं? या एका प्रश्नावर दोन वर्षं माझं मन परत परत जातं, आणि प्रत्येक वेळी मला तो कंपाउंडर देवासारखा वाटतो, आणि मग माझी मलाच चीड येते. जूनमध्ये मला जिंतूर मिळालं नाही. पूर्णा मिळालं. घरापासून चार पावलांवर शाळा. गीतानं पेढे वाटले नाहीत. त्यानंतर मी चुडाव्याला पाऊल टाकलं नाही, पौर्णिमेची वंदना दुसरा कुणी सांगायला लागला असं कानावर आलं.

चौदा फॉर्म दोन दिवसांत झाले. पंधरावा, म्हणजे अकरावा, मी गादीखाली ठेवला. त्यावर पडलं की पाठीला कागद लागायचा, निदान मला तसं वाटायचं. तीन चकरांचा नियम होता. मी घरी बसून तीन तारखा टाकू शकत होतो. 'गाव सोडून गेला' असं लिहू शकत होतो. सगळाच फॉर्म घरी भरता आला असता. हेही करून पाहिलं, पेन्सिलीनं, बारीक. देश कसा चाललाय, बरा. कोर्टावर विश्वास, थोडा. दुसऱ्या जातीत मुलगी, नाही. पहिली एकवीस उत्तरं झरझर भरली, इतकी की मला वाटलं, याला विचारायचं तरी काय, मी याला ओळखतोच. मग आणीबाणीचा प्रश्न आला आणि पेन्सिल थांबली. सूर्यभान काय म्हणेल हे मला ठाऊक नव्हतं. त्या माणसाचं मत काय आहे, कशाबद्दलही, हे मी पंधरा वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं. विहारात मी बोलायचो, तो ऐकायचा. खोडरबरानं सगळं पुसलं, कागद चुरगळला, पुन्हा सपाट केला. गीता दारात उभी होती. "कुणाचं राह्यलंय?" तिनं विचारलं. "आहे एकाचं." "चुडाव्याच्या?" मी उगीचच तिच्यावर ओरडलो, की सरकारी कामात नाक खुपसू नको. काम सरकारी नव्हतंच. ती शांतपणे म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जा. इस्त्रीचा सदरा काढून ठिवते." तिला सगळं कळलं होतं, आणि तरी ती सदऱ्याला इस्त्री करणार होती, याची मला जास्त भीती वाटली.

चुडाव्याच्या स्टेशनात मी एकटाच उतरलो. गाडी नांदेडकडे निघून गेली आणि मागे एकदम शांत झालं. नऊ वाजले होते तरी ऊन भाजत होतं. शाळेवरून जाताना मी मान खाली घातली, सुट्टीमुळे तिथे कोणीही नव्हतं तरी. मनात एकच चाललं होतं, कुलूप असू दे. पहिली चक्कर, माणूस भेटला नाही. खऱ्याखुऱ्या तीन चकरा मारीन, ऊन खाईन, पण कुलूप असू दे. वस्तीच्या तोंडाशी विहाराचा चौथरा नवा बांधलेला दिसला. लिंबाच्या सावलीत सूर्यभान बाजेची सुंभं आवळत बसला होता. त्यानं मला लांबूनच पाहिलं. उठला, पायानं बाज सरळ केली, खांद्यावरच्या टॉवेलनं तिच्यावरची धूळ झटकली. "या गुरुजी," म्हणाला. "लय दिसांनी." पूर्वी तो आधी वाकून नमस्कार करायचा. आता केला नाही, किंवा मी बसण्याची घाई केली म्हणून राहिलं असेल, हेही मी तिथल्या तिथे तपासत बसलो.

आत चांगुणाबाई, त्याची बायको, चुलीपाशी होती. तिनं पदर सावरला आणि सरजाच्या हाती पाणी पाठवलं. सरजा नऊ-दहा वर्षांची झाली होती. मी विचारलं, "कितवीला गं?" तिनं बोटांनी चार दाखवले आणि आत पळाली. फळीवर एक स्टीलचा डबा होता, ऑपरेशनच्या शिबिरात बक्षीस मिळालेला, त्याचं झाकण चकचकीत घासलेलं. मी नजर काढून घेतली. यादी कशी निघाली, नाव कसं ठराविक अंतर मोजून आलं, हे मी भरभर सांगत सुटलो, जसं काही त्यानं मला पकडलंच होतं. तो ऐकून म्हणाला, "म्हंजी दिल्लीवाल्यायला माझा इचार पाहिजे?" "हो." "आन् इचारायला तुमी आलाव." मी हो म्हणालो. "इचारा मंग," म्हणाला आणि जमिनीवर मांडी घालून बसला, पहिल्या रांगेत बसायचा तसाच. मी बाजेवर, तो खाली. मी म्हणालो, वर बस. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या.

नाव, वय, शिक्षण. मग तिसरा. प्रश्न जसाच्या तसा वाचावा. "तुमची स्वतःची, पोटची मुलं किती?" आयुष्यात पहिल्यांदाच मी सूर्यभानला तुमची म्हणालो होतो. तो सवयीनं म्हणाला, "तीन." आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आतून चांगुणाबाईचा आवाज आला, वर चढवलेला नव्हता, तव्यावरची भाकरी उलटताना बोलावं तसा. "एक म्हना. सितारामभाऊजीला क्वार्टर भेटलं, घिऊन गेले आपली लेकरं. इथं एकच हाय. लिवा गुरुजी, एक." सूर्यभान माझ्या पेनकडे पाहत होता. मी लिहिलं, एक. साधी उभी रेघ, ती ओढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. दोन वर्षांपूर्वीचा आकडा आणि हा आकडा, दोन्ही माझ्याच अक्षरातले. कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर?

पुढचे प्रश्न मी वाचत गेलो आणि तो उत्तरं देत गेला, आणि एकही उत्तर माझ्या पेन्सिलीच्या उत्तराशी जुळलं नाही. देश कसा चाललाय? "रेल्वेवानी. चालतोय, पर आपल्याला कुठं उतरायचं त्ये कुनी सांगत न्हाई." दुसऱ्या जातीत मुलगी द्याल का? त्यानं सरजा गेली त्या दाराकडे पाहिलं. "तिला इचारल्याबिगर कुनालाच द्यायची न्हाई." मी खाली मान घालून लिहीत होतो. विश्वासाचा तक्ता आला. तलाठी, पोलीस, डॉक्टर, शाळेतले शिक्षक. प्रत्येकापुढे तीन रकाने होते, पूर्ण, थोडा, मुळीच नाही. तलाठ्यावर त्यानं मान हलवली, पोलिसांवर नुसता हसला, डॉक्टरवर 'थोडा' म्हणाला. "शाळेतले शिक्षक," मी वाचलं. सूर्यभान सुंभाचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "हुता." मी रकाने पाहिले. होता, असा रकाना नव्हता. "तिन्हीतलं एक सांगावं लागतं," मी म्हणालो. "मंग तुमच्या कागदात जागा न्हाई," तो म्हणाला, "सोडून द्या." मी तिन्ही रकाने मोकळे ठेवले. बाईंनी मोकळं ठेवायला मनाई केली होती.

बाविसावा प्रश्न मी वाचण्याआधी घोटभर पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवताना तो कलंडला. "आणीबाणीच्या काळात तुमच्यावर किंवा तुमच्या घरातल्या कुणावर कोणत्याही प्रकारची जबरदस्ती झाली का?" आत भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. सूर्यभान म्हणाला, "न्हाई." मी वर पाहिलं. "जबरी कशाची? पोलीस आले न्हाईत, ट्रकात कोंबलं न्हाई. देवगाव फाट्याकडं म्हने बाजारातून मानसं उचलून नेली. माझ्यावर तसं काय झालं न्हाई. मी सायकलवर बसून गेल्तो, तुमच्या मागं, तुमच्या कमरंला धरून." मी लिहिलं, नाही. उपप्रश्न आपोआप गळाला. 'असल्यास कोणी' ही ओळ कोरी राहिली. ज्यासाठी मी परभणीच्या हॉलमध्ये हात खाली ठेवला होता ते सगळं साधलं होतं. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छाती मोकळी झाली, लिंबाखालचा वारासुद्धा गार लागला. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची अशी शिसारी आली की उठून पळून जावंसं वाटलं. त्यानं मला वाचवलं होतं का? की त्याला खरंच तसं वाटत होतं? मला कळत नव्हतं, आणि ते विचारायला फॉर्मवर प्रश्न नव्हता.

उरलेले प्रश्न मी घाईघाईत उरकले. शेवटी एक ओळ असते, उत्तर देणाऱ्याला काही विचारायचे असल्यास त्याच्याच शब्दांत लिहावे. तेरा जणांनी मला इथे 'न्हाई' म्हटलं होतं, एकानं विहीर कधी मंजूर होईल ते विचारलं होतं. मी पेनाचं टोपण हातात घेऊनच वाचलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

"इचारू?"

"विचार."

"गुरुजी, तुमी सवताचं आपरेशन केलं का?"

चांगुणाबाई दारात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ होतं. सरजा तिच्या पदराआडून पाहत होती. रस्त्यानं एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार संपेपर्यंत मी थांबलो. कुणी हाक मारील म्हणून थांबलो, असं आता वाटतं. कुणीही हाक मारली नाही.

"नाही," मी म्हणालो.

"तुमाला किती?"

"दोन."

"पोटची?"

"हो."

त्यानं मान हलवली. तो चिडला नाही. चिडला असता, अंगावर आला असता तर मला तोंड वर करता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मंग त्ये बी लिवा. माझा सवाल बी, तुमचा जवाब बी."

नियम तोच होता. मी लिहिलं. त्याच्या शब्दांत त्याचा प्रश्न, खाली माझं उत्तर, दोन मुलं, ऑपरेशन नाही. अक्षर वेडंवाकडं आलं, पोरांच्या अक्षरावर मी छड्या मारतो तसलं. फॉर्म मिटला, पिशवीत घालायला गेलो, तर सूर्यभाननं हात पुढे केला. मला वाटलं तो कागद मागतोय. त्यानं कागदाला हात लावला नाही, फक्त बोट दाखवलं.

"आता वाचून दावा," तो म्हणाला. "त्या टायमाला तुमी वाचलं न्हवतं. नुस्ता अंगठा घेतला."

"सगळं?"

"सगळं. पयल्या वळीपसून."

चांगुणाबाई उंबऱ्यावर बसली, पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून. सरजालाही तिनं ओढून शेजारी बसवलं. मी बाजेवरून उतरून खाली सूर्यभानसमोर बसलो, कारण वर बसून वाचणं जमेना. फॉर्म उलगडला. पहिली ओळ सूर्यभानच्या नावाची असेल असं मला वाटत होतं. पंधरा फॉर्म भरले तरी माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण ती ओळ आम्ही परभणीतच, पहिल्या दिवशी भरून टाकली होती. सगळ्यात वर छापलं होतं, प्रश्न विचारणाऱ्याचे नाव व गाव. त्यापुढे माझं नाव होतं. मी तिथून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.